आतला खिसा

आमच्या बँडच्या कोटाला आतून डाव्या बाजूला एक खिसा असायचा. बाहेरून कोट लाल, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर दोन ओळींत पितळी बटणं. नवरदेवापेक्षा आमचाच थाट जास्त. आतला खिसा मात्र कुणाला दिसायचा नाही. तो चपटीच्या मापाचा असायचा, म्हणजे दारूची ती छोटी चपटी बाटली बरोबर मावेल एवढा. हे माप कुठल्या टेलरच्या पुस्तकात नसतं, ते वाजवणाऱ्यालाच सांगावं लागतं. सेलूच्या टेलरबाईंना ते मी सांगितलं होतं. आजही आठवलं की माझे कान गरम होतात.

सांगितलं म्हणजे तरी कसं? तोंडाने बोलायची लाज वाटली, म्हणून भरलेली बाटलीच काढून रस्त्यावरूनच हात लांबवून त्यांच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "ह्याच्या मापाचा." लाज वाटणारा माणूस असं करतो, यावरून माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती ते समजून घ्या. बाईंनी गळ्यातला टेप काढला, बाटलीची उंची घेतली, रुंदी घेतली, जाडी घेतली, वहीत लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. आठ दिवसांनी सगळ्यांचे कोट तयार झाले. खिसे इतके बेताचे बसले होते की उड्या मारल्या तरी बाटली हलेना. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं. मी जरा जास्तच केलं.

त्यांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, एक उंच पायरी चढून. हंगामात समोरून कापसाच्या गाड्या जायच्या आणि धाग्यांवर कापसाचे तंतू येऊन बसायचे; त्या वैतागून झटकत राहायच्या. सगळा बाजार त्यांना ताई म्हणायचा. माझ्या तोंडून काही ताई निघेना, आणि दुसरं काही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी पायरीशी उभा राहून नुसता खाकरायचो. त्या मान वर न करता म्हणायच्या, "बोला मास्तर."

त्यांची मापांची वही जाडजूड होती. गिऱ्हाइकाला एकेक पान. शेवटच्या पानावर मात्र ठळक अक्षरांत 'घरचे' असं लिहिलेलं होतं, खाली त्यांचं स्वतःचं माप आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईचं. त्या दोन्हींच्या वर एक माप रेघ मारून खोडलेलं होतं. एकदा त्या टेबलावर वही चाळत असताना मला ते पायरीशी उभ्याने दिसलं. कुणाचं, हे मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

मी मूळचा चारठाण्याचा. आमच्या घराकडे देवळातली पूजा आणि पहाटेची सनई. वडील वाजवायचे, मग थोरला भाऊ पूजेला बसला आणि सनई माझ्या तोंडाला लागली. पण देवळातल्या सनईला ऐकणारं कोण? देव आणि खांबांवरची पाखरं. मला माणसं हवी होती, टाळ्या हव्या होत्या. विशीत सेलूला आलो, बँडमध्ये शिरलो आणि क्लॅरिओनेट हातात घेतलं. ते मला लवकर आलं, असं मी म्हणत नाही, लोकच म्हणायचे. दोन वर्षांत मी पहिल्या ओळीत होतो आणि सगळे मला मास्तर म्हणायला लागले.

दारू कधी सुरू झाली ते सांगता यायचं नाही. कुणी सक्ती केली नाही. वरपक्षाकडून बाटल्या यायच्याच, तो रिवाजच होता, जसा वरातीत फेटा तसा. शिवाय आमच्यात एक खूळ होतं. क्लॅरिओनेटच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती असते, ती थरथरली की सूर निघतो. कोरडी पत्ती वाजत नाही, म्हणून वाजवण्याआधी ती भिजत घालायची. लोक पाण्यात भिजवतात. आम्ही स्टीलच्या छोट्या ग्लासात देशी ओतून त्यात भिजवायचो आणि म्हणायचो, अशी पत्ती खणखणीत बोलते. पत्तीला काय कळतंय? कळायचं ते आमच्या जिभेला. पत्ती तोंडात धरली की गाणं सुरू व्हायच्या आधीच पहिला घोट पोटात गेलेला असायचा.

अशी वर्षं गेली. लग्न जमलं नाही, खरं तर जमवायला मी कधी शुद्धीत सापडलोच नाही.

पालमकडच्या एका गावात भर दुपारचं लग्न होतं. नवरदेवाचा परण्या, म्हणजे मांडवाकडची मिरवणूक, निघाला तेव्हाच माझा आतला खिसा अर्धा झाला होता, अक्षता पडल्या तेव्हा रिकामा. पाठवणीच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मी पाठवणीचं गाणं सोडून वरातीचं नाचायचं गाणं धरलं. मागच्यांनी थांबायला हवं होतं, पण बँडचा नियम असा की पहिला क्लॅरिओनेट जाईल तिकडे सगळे जातात. ढोल घुमायला लागला. दोन-तीन टारगट पोरं नाचायलाही लागली. नवरीचा बाप माझ्यापुढे आला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्याने हात जोडले. "मास्तर, बस करा," एवढंच म्हणाला. मारलं असतं तर मी विसरलो असतो.

त्यानंतर महिन्याभरात डोळे पिवळे झाले, पाय सुजले आणि मला परभणीच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथल्या डॉक्टरांनी गोड बोलायची तसदी घेतली नाही. "सोडलीत तर उठाल," म्हणाले, "न्हाई तर पुन्हा येऊ नका, खाट अडकते." भाऊ आला आणि मला चारठाण्याला घेऊन गेला.

पहिले काही आठवडे वहिनीला मी नको नको करून सोडलं. भात फिका का, पंखा का नाही, आवाज कशाला करता. ती एकदा ताट समोर आदळून म्हणाली, "भावजी, तुमी बरे व्हायलात की आमाला आजारी पाडायलात?" मी हसलो. फार दिवसांनी हसलो होतो, त्यामुळे दुखलं. त्या दिवसापासून ताट पुसून खायला लागलो.

हात मात्र थरथरायचे. क्लॅरिओनेट काढलं की बोटं भोकांवर टिकेनात, सूर फाटायचा. मी ते पुन्हा पेटीत ठेवलं आणि पेटी मळ्यात फेकून द्यायला निघालो होतो, खरंच. भावाने मध्येच धरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांची सनई माझ्या उशाशी ठेवून तो पूजेला निघून गेला.

मी गेलो त्याच्या मागे. देवळात कुणी नव्हतं. वाजवलं ते ऐकण्यासारखं नव्हतं, खांबावरची पाखरंसुद्धा उडाली. पण दिवस उजाडेपर्यंत वाजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. थंडीत बोटं आखडायची, मग देवळाजवळच्या बारवेच्या पायरीवर कोवळ्या उन्हात हात पसरून बसायचो. महिनाभराने एक सूर सरळ लागला. टाळी वाजवायला कुणी नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. टाळ्यांसाठी जे गाव सोडलं होतं तिथेच मला हे कळावं, याचा मला रागही आला.

सहा महिन्यांनी मी सेलूला परतलो. बँडच्या मालकांनी घेतलं, नाइलाजाने घेतलं असेल. पण त्यांच्याकडे जाण्याआधी मी कोट घेऊन टेलरबाईंच्या पायरीशी जाऊन खाकरलो होतो.

"बोला मास्तर." मग त्यांनी मान वर केली. "लय वाळलात."

"हा आतला खिसा शिवून बंद करा."

त्यांनी कोट उलटा केला, खिशात दोन बोटं घातली, बाहेर काढली. "दारू सोडली म्हणा."

"सोडली."

"मग खिसा कामून बंद करायलात? शिवलेला खिसा रिकामाच असतो, त्यात तुमची काय मर्दुमकी?" त्यांनी कोट माझ्या अंगावर टाकला. "उघडाच राहू द्या. उघडा असून रिकामा राहिला तर मानीन."

मला अस्सा संताप आला. इतक्या लांबून, इतकं सोसून आलो आणि ही बाई मला शाळेतल्या पोरासारखी परीक्षा सांगते! तणतणत निघालो. पण पहिलं लग्न वाजवून आलो आणि पाय आपोआप त्यांच्या दुकानाकडे वळले. पायरीशी उभा राहून खाकरलो, कोट उघडला आणि आतला खिसा बाहेर उलटा करून दाखवला. शेजारचा भांडीवाला बघत राहिला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "धागा निघालाय कडंचा. द्या इकडं."

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. लग्न झालं की मी खिसा दाखवायला जायचो. कधी त्यात अक्षतांचे दाणे निघायचे, कधी बुंदीचा चुरा. एकदा मी मुद्दाम मोगऱ्याचा गजरा ठेवला. त्यांनी तो काढला, वास घेतला आणि शिलाई मशीनला अडकवला. "खिसा रिकामा पाहिजे म्हणाले होते मी," एवढंच बोलल्या. पण गजरा सुकेपर्यंत तिथेच होता. मी रोज त्या रस्त्याने काही ना काही काम काढून जात होतो, म्हणून मला माहीत.

त्यांनी आपलं सांगितलं ते बटण लावता लावता. नवरा दारूपायी गेला होता. वहीतलं खोडलेलं माप त्याचं. "त्याच्या सगळ्या सदऱ्यांना असे खिसे मीच शिवले. म्हणायचा, पैसे ठेवायला. मला कळत न्हाई का खिसा कशाच्या मापाचा हाय ते? तरी शिवले." मला टेबलावर ठेवलेली माझी बाटली आठवली. ह्याच बाईपुढे मी ती ठेवली होती. मी म्हणालो, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "तुमचं एकट्याचं कुठं?"

मला त्या हव्या होत्या. हे मी स्वतःला किती तरी दिवस दुसऱ्याच नावांनी सांगत होतो. कधी उपकार, कधी आदर. एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, सरळ विचारून टाकलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, बोलताना घाम फुटला.

त्यांनी मशीन थांबवलं. "ही लगीनसराई पार पडू द्या," म्हणाल्या. "एका लग्नात बी तोंडाला लावली तर ही पायरी चढायची न्हाई. मी एकदा रडून बसले. दुसऱ्यांदा माझ्यानं व्हायचं न्हाई, मास्तर." त्यांचा आवाज कापत होता. तोवर मला वाटत होतं की परीक्षा माझ्या एकट्याचीच चाललीय.

सराई लांबलचक होती, उन्हाची होती. वरातींत बाटल्या फिरायच्या, मी लिंबू सरबत मागायचो आणि लोक मला हसायचे. हसू द्या. पत्ती मी पाण्यात भिजवायचो, स्वतःच्या हाताने, आणि जादा पत्त्यांची छोटी डबी पॅंटच्या खिशात ठेवायचो. एक लग्न गेलं, दुसरं गेलं. शेवटचं लग्न राहिलं, तेही पालमकडचंच.

त्या दिवशी आमचा जुना ढोलवाला परत आला होता. मधली दोन वर्षं तो नांदेडकडे एका बँडमध्ये होता. मी दारू सोडल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि जो तो समजला की दुसऱ्याने सांगितलं असेल. मला पाहून त्याला भरून आलं. मी कोटाची बटणं लावत असताना त्याने प्रेमाने माझी पत्ती घेतली, स्टीलच्या ग्लासात भिजत घातली आणि परण्या निघायला आला तेव्हा ग्लास आणून पुढे धरला. "उस्ताद, तुमची पत्ती तयार हाय."

मी पाणीच समजलो. पाण्यासारखीच दिसते ती. पत्ती उचलून तोंडात धरली.

जिभेला लगेच कळलं. सगळं अंग जागं झालं, घरचं माणूस दारात आल्यासारखं. त्या क्षणी मी थुंकायला हवं होतं. थुंकलो नाही. आणखी एकदा पत्ती चोखली. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा जाणूनबुजून. मग हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. अर्धा भरलेला होता.

तो ग्लास मी मातीत ओतला. ढोलवाल्याचं तोंड इतकंसं झालं. त्याला सगळं कळल्यावर बिचारा माझ्या पायाच पडायला लागला. मी चूळ भरली, चार वेळा भरली, डबीतली नवी पत्ती पाण्यात बुडवून बसवली आणि उभा राहिलो. पाठवणीच्या वेळी मी गाणं नाही वाजवलं. पहाटे देवळात वाजवायचो ते सनईचे सूर क्लॅरिओनेटवर धरले, सावकाश. मागच्यांनी वाद्यं खाली ठेवली. नवरी रडली, तिचा बाप रडला, मीही रडलो असेन. फुंकणाऱ्याला ते नीट करता येत नाही.

परतताना टेम्पोत बसून मी हिशेब नव्हे, वाद घालत होतो, स्वतःशीच. खिसा रिकामा होता. ढोलवाला शपथ घेऊन गप्प बसला असता. दोनदा पत्ती चोखली म्हणजे काही पिणं नाही. सगळं खरं होतं. सकाळी जाऊन खिसा उलटा करायचा, की झालं. सराई पार पडली. एवढ्यासाठी एवढी मोठी गोष्ट हातची घालवायची? मला माझाच इतका राग येत होता की शेजारच्याने विडी विचारली तर त्याच्यावर खेकसलो.

सकाळी पायरीशी उभा राहिलो. खाकरलो नाही.

त्यांनी वर पाहिलं. चेहरा उजळला होता त्यांचा, शेवटचं लग्न झालं हे त्यांनाही ठाऊक होतं. "दाखवा," म्हणाल्या.

"खिसा रिकामाच आहे," मी म्हणालो. "पण काल तोंडाला लागली."

मग सगळं सांगितलं. ग्लास, ढोलवाला, पत्ती. "पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा कळून. मग ओतून दिली." आणि पायरीवर कोट ठेवून म्हणालो, "येतो."

मी दहा पावलं गेलो असेन. मागून मशीनचा आवाज आला नाही. मग हाक आली.

"मास्तर."

त्या पायरीवर उभ्या होत्या, कोट हातात. डोळे भरलेले. "मी आयुष्यभर खिसे तपासले," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाचे खिसे बी रिकामेच निघायचे. लय हुशार होता. पण असं येऊन सांगितलं न्हाई कधी. एकदा बी न्हाई." पदराने तोंड पुसलं. "आता तिथं कामून उभे राहिलात? वर या."

मी पायरी चढलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. आतून दुकान छोटंच होतं, मला उगाच मोठं वाटायचं.

त्यांनी खुर्चीवर बसवलं, कोट उलटा करून टेबलावर पसरला आणि आतल्या खिशाची शिलाई एकेक टाका करून उसवली. मग हात पुढे केला. "ती डबी द्या. पत्त्यांची."

मी डबी काढून टेबलावर ठेवली, बरोबर जिथे एकदा बाटली ठेवली होती तिथे. त्यांनी गळ्यातला टेप काढला. उंची घेतली, रुंदी घेतली, जाडी घेतली. "ह्याच्या मापाचा," म्हणाल्या आणि वही ओढली. मी माझं पान शोधायला पुढे वाकलो. त्यांनी माझा हात बाजूला केला, शेवटचं पान उघडलं आणि आईच्या मापाखाली लिहायला लागल्या.